उणे १६ आणि अधिक १: मेजर स्पर्धांत कोर्सची स्थिती नेमकं काय करते?

वर्धारोड_नऊहोल

ब्रूक्स कोएप्काने लागोपाठ दोन यूएस ओपन (गोल्फच्या चार मोठ्या, म्हणजे मेजर स्पर्धांपैकी एक) जिंकल्या. २०१७ ला एरिन हिल्सवर उणे १६ (पारपेक्षा, म्हणजे कोर्सला ठरवलेल्या फटक्यांपेक्षा १६ कमी), २०१८ ला शिनेकॉक हिल्सवर अधिक १. खेळाडू तोच, महिना जूनचाच. मग मधले १७ फटके गेले कुठे?

आपल्याकडे यावर दोन तट आहेत. एक म्हणतो लांबी, दुसरा म्हणतो रफ, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्टीच्या (फेअरवेच्या) कडेचं वाढलेलं गवत. माझ्या मते दोन्ही दुय्यम आहेत. जमीन किती कडक आहे आणि तिच्यात पाणी किती आहे, यावर बाकी सगळं ठरतं. जाणकारांनी आकड्यांसकट लिहा राजेहो. नागपुरात हिवाळी स्पर्धा घेणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल.

सदर_स्कोअरकार्ड

आधी हिशेब साफ करू. एरिन हिल्सचा पार ७२, शिनेकॉकचा ७०. कोएप्काचे चार फेऱ्यांचे एकूण फटके अनुक्रमे २७२ आणि २८१. म्हणजे प्रत्यक्ष फरक ९ फटक्यांचा. उरलेले ८ फक्त पारच्या आकड्यातून आलेले आहेत. पारचा आकडा कमी धरणं यूएसजीए (यूएस ओपन घेणारी अमेरिकेची गोल्फ संघटना) अनेकदा करते. पेबल बीचचं दुसरं होल एरवी पार ५ आहे, पण २००० पासून यूएस ओपनपुरतं ते पार ४ धरतात. होल तेच राहतं, पाटीवर स्कोअर कठीण दिसतो. म्हणून पारशी तुलना सोडा आणि एकाच कोर्सवरचे एकूण फटके पहा.

ऑगस्टा नॅशनल (मास्टर्स ही मेजर इथेच होते): २००७ ला झॅक जॉन्सन २८९ वर जिंकला, २०२० ला डस्टिन जॉन्सन २६८ वर. एकाच कोर्सवर २१ फटक्यांचा फरक. २००७ चा एप्रिल थंड, कोरडा, वाऱ्याचा होता. २०२० ची मास्टर्स कोविडमुळे नोव्हेंबरात झाली आणि पहिल्याच दिवशी पावसाने खेळ जवळपास तीन तास थांबला. ग्रीन (होलभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ) आठवडाभर मऊ राहिले.

लांबीच्या तटासाठी: एरिन हिल्स ७,७०० यार्डांच्या वर होतं, शिनेकॉक साडेसात हजारांच्या आत. लांब कोर्सवर कमी फटके लागले. २०२१ ची पीजीए (आणखी एक मेजर) किआवाच्या ओशन कोर्सवर झाली. कार्डावर ७,८७६ यार्ड, मेजरच्या इतिहासातला सगळ्यात लांब कोर्स. जिंकला ५० वर्षांचा फिल मिकेलसन.

हराळी

सदरभाऊंनी पाया घालून दिला. आता चेंडू ग्रीनवर पडतो तेव्हा काय होतं ते पाहू.

व्यावसायिक खेळाडूचा सात नंबर आयर्नचा (मध्यम अंतराच्या क्लबचा) चेंडू मिनिटाला साधारण ७,००० फेऱ्यांच्या उलट्या स्पिनने, सुमारे ५० अंशांत खाली येतो. जमीन मऊ असेल तर तो खड्डा पाडतो, त्या खड्ड्याच्या पुढच्या भिंतीला स्पिन धरते आणि चेंडू दोन पावलांत थांबतो. जमीन कडक असेल तर खड्डा पडतच नाही. पहिली उडी लांब जाते, स्पिन दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर लागते, तोवर चेंडू मागच्या उतारावर गेलेला असतो.

रफची शिक्षासुद्धा याच गोष्टीवर अवलंबून आहे. रफमध्ये क्लबचा चेहरा आणि चेंडू यांच्यात गवत येतं, त्याचा ओलावा खाचांत शिरतो आणि स्पिन निम्म्यावर येऊ शकते. ग्रीन मऊ असेल तर निम्म्या स्पिनचा चेंडूही थांबतो, मग फेअरवे चुकल्याची किंमत फार नाही. ग्रीन कडक असेल तर तोच चेंडू पाठीमागे वीस यार्ड पळतो. त्यामुळे पाच इंच रफ वाढवून ग्रीनवर भरपूर पाणी मारलं तर त्या रफचा अर्धा उपयोग गेला.

विंग्ड फूटवरची २०२० ची यूएस ओपन पहा. ब्रायसन डीशांबोला ५६ पैकी फक्त २३ फेअरवे सापडले, तरी उणे ६ वर जिंकला. तो एकटाच पारखाली होता. रफमधून वेज (उंच मारायचा आखूड क्लब) मारण्याइतका जवळ पोचल्याने त्याने स्पिनची कमतरता उंचीने भरून काढली. उभा खाली येणारा चेंडू कमी स्पिनवरही थांबतो.

सदर_स्कोअरकार्ड

एक उलटं उदाहरण देतो, कारण "कडक म्हणजे कठीण" एवढं सोपं नाही. ब्रिटनमधल्या द ओपन या मेजरला कार्नूस्टीवर १९९९ ला विजयी स्कोअर २९०, अधिक ६. पॉल लॉरी प्लेऑफमध्ये जिंकला. २०१८ ला त्याच कोर्सवर फ्रान्चेस्को मोलिनारी २७६, उणे ८. आणि २०१८ चा उन्हाळा कोरडाठाक होता, फेअरवे वाळून पिवळे पडले होते. हॉयलेकला २००६ मध्ये तेच. कोर्स तपकिरी, आणि टायगर वुड्स २७० वर, उणे १८. तुमच्या सिद्धांताने हे स्कोअर वर जायला हवे होते.

हराळी

प्रश्न रास्त आहे. लिंक्स (समुद्रकाठच्या वाळूवरच्या) कोर्सवर पावसाने ओढ दिली की दोन गोष्टी एकदम होतात. फेअरवे कडक होतो, आणि रफ विरळ होतो. १९९९ ला उलट होतं: रफ दाट आणि उंच, फेअरवे अगदी अरुंद. चुकलेला चेंडू बाहेर काढण्यातच एक फटका जात होता. २०१८ ला रफ इतका विरळ की त्यातूनही ग्रीन गाठता येत होता. शिवाय ग्रीनना पाणी चालू होतं, ते हिरवे आणि बऱ्यापैकी चेंडू धरणारे होते.

हॉयलेकला वुड्सने आठवडाभरात ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायचा क्लब) एकदाच काढला. टीवरचा (सुरुवातीचा) फटका लांब आयर्नने मारायचा, चेंडू बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) अलीकडे थांबवायचा आणि दुसरा फटका लांबून खेळायचा. कडक फेअरवेवर आयर्नसुद्धा भरपूर पळतं, म्हणून अंतर फारसं जात नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं दुरुस्त करून घ्या: कडक जमीन चेंडू कुठे टाकायचा हे विचारते. उत्तर माहीत असलेल्याला ती फायदा देते. स्कोअर वर जायला कडक ग्रीन, दाट रफ आणि वारा यांतले किमान दोन एकत्र यावे लागतात.

धरमपेठ_पटर

ग्रीनच्या वेगावर लिहितो, कारण टीव्हीवर "स्टिंप १३" ऐकून लोक माना डोलावतात आणि पुढे काही होत नाही.

एडवर्ड स्टिंपसनने १९३५ च्या ओकमाँट यूएस ओपननंतर ग्रीनचा वेग मोजायचं हे साधन, स्टिंपमीटर, बनवलं, लाकडी. १९७६ मध्ये यूएसजीएने ते अॅल्युमिनियममध्ये आणलं. ३६ इंच लांबीची पन्हळ, खालच्या टोकापासून ३० इंचांवर खाच. चेंडू खाचेत ठेवायचा आणि वरचं टोक हळू उचलायचं. सुमारे २० अंशांवर चेंडू आपोआप सुटतो, म्हणजे सोडण्याचा वेग दर वेळी सारखा. सपाट जागेवर तीन चेंडू एका दिशेने, तीन उलट दिशेने, आणि फुटांत सरासरी. तोच स्टिंपचा आकडा. सत्तरच्या दशकात यूएसजीएने अमेरिकेतल्या कोर्सची पाहणी केली तेव्हा सरासरी साडेसहा फूट आली होती. आज मेजरमध्ये १२ ते १४ असते.

आता उतार घाला. स्टिंपमीटरने सोडलेला चेंडू ३ टक्के उतारावरून खाली गेला तर किती पळेल, याचं गणित मांडलं:

स्टिंप ८ वर सुमारे साडेअकरा फूट,
स्टिंप १० वर सुमारे १६ फूट,
स्टिंप १३ वर सुमारे २६ फूट.

सपाट जागेवर ८ आणि १३ मध्ये पाच फुटांचा फरक. तीन टक्क्यांवर साडेचौदा फुटांचा. स्टिंप १३ ला ६ टक्के उतारावर तर घर्षण आणि उतार जवळपास सारखे होतात आणि चेंडू थांबतच नाही. जुन्या डिझाइनचे ग्रीन स्टिंप ७-८ च्या काळात बांधले. त्यांचे उतार तेच राहिले आणि वेग जवळपास दुप्पट झाला, म्हणून पिन (होलमधला झेंडा) ठेवायला योग्य जागा प्रत्येक ग्रीनवर मोजक्याच उरल्या. पिनभोवतीच्या तीन फुटांत उतार दोन-अडीच टक्क्यांवर गेला की स्टिंप १३ ला ती जागा वापरू नये.

वर्धारोड_नऊहोल

मग द ओपनवाले ग्रीन मुद्दाम हळू ठेवतात ते याच्यामुळेच का?

धरमपेठ_पटर

उतारापेक्षा वाऱ्यामुळे. लिंक्सवर साधारण १० ते १०.५ ठेवतात. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि थांबलेल्या चेंडूला धरून ठेवणारं घर्षण वेगवान ग्रीनवर कमी असतं. २०१५ ला सेंट अँड्रयूजवर शनिवारी ग्रीनवरचे चेंडू वाऱ्याने हलायला लागले, खेळ सुमारे साडेदहा तास थांबला आणि स्पर्धा सोमवारी संपली. सकाळी ग्रीन कापून झाले की दुपारच्या वाऱ्यासाठी ते हळू करता येत नाहीत. त्यामुळे हवामानाचा अंदाज पाहून आदल्या संध्याकाळीच ठरवावं लागतं: कापायचं की नाही, रोलर फिरवायचा की नाही.

फुटाळा_वारा

शिनेकॉकवर २००४ आणि २०१८ च्या यूएस ओपनला जे झालं ते लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

२००४ च्या रविवारी वारा कोरडा होता, ग्रीनमधला उरलासुरला ओलावा दुपारपर्यंत उडाला. सातवं होल पार ३, ग्रीन समोरून मागे उतरणारा. नीट मारलेला चेंडूही ग्रीनवर थांबेना. शेवटी दोन गटांच्या मध्ये त्या ग्रीनवर पाणी मारावं लागलं. म्हणजे पुढच्या गटाला एक ग्रीन आणि मागच्याला दुसरा. त्या दिवशी पार ७० होता आणि सगळ्या खेळाडूंची सरासरी ७८.७. पारखाली एकही जण नाही. रेटिफ गूसन ७१ मारून जिंकला.

२०१८ च्या शनिवारी पुन्हा तसंच. सकाळी लवकर निघालेल्या डॅनियल बर्गर आणि टोनी फिनाऊ यांनी ६६ मारले. दुपारी आघाडीवरच्या डस्टिन जॉन्सनने ७७. सकाळ आणि दुपार या दोन वेगळ्या स्पर्धा होत्या. तेराव्या ग्रीनवर मिकेलसनने हलता चेंडू परत मारला तो याच दिवशी. रात्री ग्रीनना पाणी दिलं, रविवारी पिन सोप्या जागी आल्या, आणि टॉमी फ्लीटवूडने ६३ मारला.

चोवीस तासांत एकाच कोर्सवर ७७ चा ६३ होतो, तेव्हा कोर्स "कठीण" की "सोपा" हा प्रश्नच चुकीचा ठरतो. किती वाजता, हे विचारा.

नागपूरकरांना हे समजावून सांगायला नको. त्याच २००४ च्या ऑक्टोबरात सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानावर हिरवी खेळपट्टी मिळाली आणि ऑस्ट्रेलियाने भारताला ३४२ धावांनी हरवलं. २०१५ ला जामठ्याची खेळपट्टी पहिल्या दिवसापासून फिरली, दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी तीन दिवसांत संपली आणि आयसीसीने खेळपट्टीला "पुअर" शेरा दिला. फरक इतकाच की क्रिकेटमध्ये दोन्ही संघ त्याच पट्टीवर खेळतात. गोल्फमध्ये दीडशे जण वेगवेगळ्या वेळी त्याच ग्रीनवर येतात, म्हणून सकाळी सातचा आणि दुपारी चारचा ओलावा जवळ जवळ ठेवणं हीच न्यायाची पहिली अट आहे.

हराळी

फुटाळाभाऊ, ते "जवळ जवळ ठेवणं" कसं करतात ते लिहितो.

सुपरिंटेंडंटच्या (कोर्स राखणाऱ्या प्रमुखाच्या) हातात ओलावा मोजायची काडी असते. दोन लांब दांडे मातीत खुपसले की घनफळाच्या किती टक्के पाणी आहे ते दिसतं. एका ग्रीनवर नऊ-दहा जागी मोजतात. वाळूवरच्या ग्रीनमध्ये स्पर्धेच्या वेळी साधारण १२ ते १८ टक्के ठेवतात. आकडा १० च्या खाली गेला की गवत सुकायला लागतं: पावलाखाली दबलेलं गवत परत उभं राहत नाही, रंग निळसर करडा होतो. तिथून मरायला कडक उन्हात आणि वाऱ्यात एक दुपार पुरते. मेलेलं पातं आडवं पडतं, त्याला घर्षण राहत नाही, आणि स्टिंप झटकन वर जातो. २००४ ला ती रेषा ओलांडली गेली.

कडकपणासाठी क्लेग हॅमर वापरतात: नळीतून सव्वादोन किलोचं वजन ४५ सेंटिमीटरवरून टाकायचं आणि ते किती झटक्यात थांबलं ते वाचायचं. ओलाव्याचा आणि कडकपणाचा नकाशा शेजारी ठेवला की संध्याकाळी कोणत्या ग्रीनच्या कोणत्या कोपऱ्याला हाताने पाणी द्यायचं ते कळतं. सरसकट स्प्रिंकलर चालवला तर खोलगट जागा चिखल होतात आणि उंचवटे कोरडेच राहतात. दुपारी दोन-तीन मिनिटं हलका फवारा मारतात तो फक्त पातं थंड करायला, मुळांसाठी नाही.

कन्हानची_रेती

खालच्या थराबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. वरचं सगळं नियंत्रण चालतं ते ग्रीनखाली काळी माती नाही म्हणून.

यूएसजीए पद्धतीचा ग्रीन असा: तळाशी निचऱ्याचे ४ इंची पाइप, त्यावर ४ इंच गिट्टी, त्यावर १२ इंच वाळूचं मिश्रण. वाळूचे किमान ६० टक्के कण पाव ते एक मिलिमीटरच्या दरम्यान, चिकणमाती ३ टक्क्यांच्या आत, गाळ ५ टक्क्यांच्या आत. बारीक वाळू आणि गिट्टी यांच्या सीमेवर पाणी लोंबकळून राहतं, मुळांना थोडं उरतं आणि जोराचा पाऊस आला तर वजनाने खाली निघून जातं.

ऑगस्टाने याच्या पुढे जाऊन नव्वदच्या दशकात सबएअर आणलं. त्यांच्याच मार्श बेन्सन यांची कल्पना. निचऱ्याच्या पाइपांना पंखा जोडायचा. एका दिशेने फिरला तर मुळांतलं पाणी खाली ओढतो, उलट फिरला तर हवा वर ढकलतो. पण नोव्हेंबर २०२० ने त्याची मर्यादाही दाखवली. सबएअर मोकळं पाणी ओढतं, नुकत्या पेरलेल्या रायगवताचा कोवळेपणा आणि फेअरवेचा मऊपणा त्याने जात नाही.

आपल्याकडची अडचण दुहेरी आहे. काळी माती पावसात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळते. तिच्यावर थेट ग्रीन केला तर ऑगस्टात चेंडू रुततो आणि एप्रिलमध्ये तोच चेंडू सिमेंटवर पडल्यासारखा उडतो. कन्हानची रेती चांगली, पण नदीतून आलेली जशीच्या तशी टाकू नका. तिच्यात बारीक खडा आणि गाळ दोन्ही असतात. चाळून, धुऊन, कणांची चाचणी करून घ्या. आणि वरून टाकायची वाळू तीच ठेवा जी खाली आहे. दर वर्षी वेगळ्या जाडीची वाळू टाकली की थर पडतात, थरावर पाणी अडतं, मुळं तिथेच थांबतात. बहुतेक खराब ग्रीन कापून पाहिले तर हेच थर दिसतात.

वर्धारोड_नऊहोल

ताई, थराची गोष्ट फार मोलाची आहे. गवताबद्दल पण कोणी लिहा.

हराळी

गवत थोडक्यात. ऑगस्टाचे ग्रीन बेंटग्रासचे आहेत, १९८१ पासून. त्याआधी बर्म्युडा होतं. ओकमाँट आणि पेबल बीचला पोआ अॅन्युआ नावाचं गवत. त्याला दिवसभर बीजाचे तुरे येतात, म्हणून दुपारचे पट (ग्रीनवरचे घरंगळते फटके) उड्या मारत जातात. चेंबर्स बे, २०१५ ची यूएस ओपन: बारीक फेस्क्यूचे ग्रीन होते, त्यात पोआ घुसला. दोन गवतं वेगवेगळ्या वेगाने वाढतात, पृष्ठभाग खडबडीत. हेनरिक स्टेन्सनने त्याला ब्रोकोलीची उपमा दिली. पुढे क्लबाने ते ग्रीन पोआचेच केले.

पाइनहर्स्ट क्रमांक २ आपल्यासाठी सगळ्यात शिकण्यासारखं आहे. कोर्स आखणारे कूर आणि क्रेनशॉ यांनी २०१४ च्या यूएस ओपनआधी तिथला रफ काढून टाकला आणि फेअरवेच्या कडेला उघडी वाळू आणि झुडपी गवत आणलं. पाणी मुख्यतः मधल्या ओळीलाच. मार्टिन काइमर तिथे ८ फटक्यांनी जिंकला. नंतर ग्रीन बेंटवरून अतिखुज्या बर्म्युडावर गेले आणि २०२४ ची यूएस ओपन त्यावरच झाली. बर्म्युडा म्हणजे आपल्या हराळीच्याच कुळातलं. नागपूरच्या ४५ अंशांत बेंटग्रास टिकणार नाही, त्याच्या मुळांना १० ते १८ अंशांची माती लागते. हराळीला ऊनच हवं.

सदर_स्कोअरकार्ड

चिखलाच्या चेंडूची नोंद करून ठेवतो. मऊ फेअरवे म्हणजे फक्त सोपं नव्हे. चेंडूच्या उजव्या बाजूला चिखल असेल तर तो हवेत डावीकडे वळतो, आणि उलट. किती वळेल ते सांगता येत नाही. उचलून, पुसून, ठेवून खेळायचा स्थानिक नियम मेजरमध्ये सहसा लावत नाहीत. २०१६ च्या पीजीएत बॉल्टस्रोलला शेवटच्या फेरीत लावला, तो अपवाद. २०२५ ला क्वेल हॉलोवर भरपूर पाऊस होऊनही लावला नाही, आणि स्कॉटी शेफलरने उघड नाराजी सांगितली. माझं मत शेफलरच्या बाजूने आहे. पावसाने झालेला चिखल कौशल्य तपासत नाही.

हराळी

आता नागपूरच्या हिवाळी स्पर्धेसाठी. टिफड्वार्फसारख्या खुज्या बर्म्युडाचे ग्रीन धरतो, स्पर्धा जानेवारीच्या मध्यावर.

पोकळ दात्यांनी छिद्रं पाडायचं काम मृगाच्या आधी उरका. पाऊस लागला की ओली वाळू छिद्रांत उतरत नाही. दुसरी हलकी फेरी सप्टेंबरच्या शेवटी.

डिसेंबरच्या अखेरीस नत्र थांबवा. रात्री १०-१२ अंशांवर गेल्या की वाढ मंदावते, तेव्हा जास्तीचं खत पात्यात जातं आणि ग्रीन हळू होतो. पण महिनाभर आधी बंद केलं तर पिवळे पडतात आणि पायांची झीज भरून निघत नाही.

दहा-बारा दिवस आधी वाळूचा अगदी पातळ थर, पातं झाकणार नाही इतका. त्याच सुमारास उभी कापणी (उभ्या पात्यांनी गवत विरळ करणं) हलक्या हाताने.

कापणीची उंची आठवड्यात एकदम खाली आणू नका. ५ मिलिमीटरवरून ४ वर यायला दहा दिवस द्या. टिफड्वार्फ ४ च्या खाली नेलं तर कडा सोलल्या जातात, आणि थंडीत ती जखम फेब्रुवारीपर्यंत भरत नाही. वेग हवा असेल तर उंची कमी करण्याऐवजी दोनदा कापा, आडवं-उभं, आणि वर हलका रोलर. रोलरने अर्धा ते एक फूट स्टिंप मिळतो. स्टिंप ९ ते साडेनऊ पुरे. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या चाचण्यांत दिसलं की सामान्य खेळाडूला सहा इंचांचा फरक कळतच नाही. म्हणून आकड्याच्या मागे न लागता सगळे अठरा ग्रीन सारखे ठेवा.

बोअरचं पाणी जड असेल तर डिसेंबरात एकदा भरपूर पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढा, आणि मग ओलावा हळूहळू कमी करत जा.

फुटाळा_वारा

रात्रीचं दव काढायलाही विसरू नका. लांब बांबू किंवा दोरी ओढून दव पाडलं की कापणी स्वच्छ होते आणि पहिल्या गटाला बाकीच्यांइतकाच वेग मिळतो.

वर्धारोड_नऊहोल

आपल्याकडे स्टिंपमीटर नाही. इतवारीतून अॅल्युमिनियमचा अँगल आणून चालेल का? आणि आमचे सगळे ग्रीन उतरते आहेत, सपाट जागा कुठून आणायची?

धरमपेठ_पटर

उताराचं सोपं आहे. खाली जाणारं अंतर आणि वर जाणारं अंतर मोजा. दोन्हींचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले दोन्हींची बेरीज. खाली १४ आणि वर ८ आलं तर साधी सरासरी ११ येईल, पण खरा वेग १०.२ आहे.

अँगलचं मात्र जपून. खऱ्या स्टिंपमीटरची पन्हळ १४५ अंशांची, जवळपास सपाट. बाजारातला अँगल ९० अंशांचा, त्यात चेंडू खोल बसतो, जास्त फिरतो आणि सुटताना पुढे कमी वेगाने जातो. त्यामुळे तुमचा ९ आणि टीव्हीवरचा ९ एक नाहीत. रोजची तुलना करायला तो पुरेसा आहे: खाच ३० इंचांवर, खालचं टोक कानशीने तिरपं घासून घ्या म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नाही, एकाच ग्रीनवर खूण केलेल्या एकाच जागी, सकाळी कापणी झाल्यावर आणि दुपारी तीनला. दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहा. त्यांच्यातलं अंतर एका फुटाच्या वर गेलं तर पाण्याची वेळ बदला.